हिंगोली जिल्ह्यातील कीटकसूची व वर्गीकरण

हिंगोली जिल्ह्यातील कीटकसूची व वर्गीकरण : एखाद्या प्रदेशातील कीटकांचे नमुने गोळा करणे, त्यांची ओळख पटवून शास्त्रीय नावे निश्चित करणे आणि ती नावे स्थळकाळाच्या तपशिलांसह नोंदवून ठेवणे या कामास कीटकसूचीकरण म्हणतात, तर त्या नावांची जाती, वंश, कुल व गण अशा चढत्या पायऱ्यांनी केलेली मांडणी म्हणजे वर्गीकरण. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यापासून वेगळा झालेला आणि हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा कीटकशास्त्राच्या दृष्टीने बराचसा आडवाटेचा प्रदेश राहिला असून, येथील कीटकांविषयीचे ज्ञान मुख्यतः पिकांच्या अनुषंगाने वाढलेले आहे.

 या प्रदेशात पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडत असल्याने वर्षाचा मोठा भाग कोरडा जातो आणि बेसॉल्ट खडकावरील उथळ मातीची माळराने उन्हाळ्यात जवळजवळ उघडी पडतात. कयाधू, पूर्णा व पैनगंगा या नद्यांची खोरी आणि सिद्धेश्वर व इसापूर या धरणांचे जलाशय यांमुळे मात्र चतुर, टाचण्या, पाणभुंगेरे अशा पाण्यावर अवलंबून असलेल्या कीटकांना कोरड्या दिवसांतही आसरा मिळतो. या ऋतुचक्राचा सूचीवर थेट परिणाम होतो. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या सरींनंतर जमिनीतून बाहेर पडतात आणि संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ व बोर या झाडांवर जमतात. तेवढे दिवस हुकले, तर पुढील पावसाळ्यापर्यंत प्रौढ नमुना मिळणे अवघड असते. केवळ हिवाळ्यात केलेल्या पाहणीवरून तयार झालेली यादी त्यामुळे प्रदेशाविषयी कमी आणि पाहणी करणाऱ्याच्या सवडीविषयी अधिक सांगते.

दख्खनच्या कीटकांचे प्रारंभीचे शास्त्रीय वर्णन ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केले. कर्नल विल्यम साइक्स याने पुणे परिसरात गवताचे बी साठवणाऱ्या आणि भिजलेले बी पावसानंतर उन्हात वाळत घालणाऱ्या मुंगीचे निरीक्षण करून १८३५ मध्ये तिला ‘अट्टा प्रोव्हिडेन्स’ असे नाव दिले. पुढे ही जाती ‘फायडोल’ या वंशात हलविण्यात आली. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाल्यावर हौशी संग्राहकांना एक केंद्र मिळाले, आणि चार्ल्स स्विन्हो याने १८८५ मध्ये मुंबई व दख्खनमधील फुलपाखरे-पतंगांवर लेखन प्रसिद्ध केले. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत हॅम्पसनने पतंगांवर, बिंगहॅमने मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्यांवर आणि फ्रेझरने चतुरांवर लिहिलेले खंड ओळख पटविण्यासाठी आजही चाळले जातात. हिंगोली त्या काळी निजामाच्या राज्यात होती. येथे हैदराबाद कंटिंजंटची लष्करी छावणी असली, तरी दख्खनविषयक लेखनाचा भर पुणे-मुंबईच्या बाजूकडेच राहिला. जुन्या नोंदींत स्थळ म्हणून नुसते ‘दख्खन’ लिहिलेले असते, तेव्हा त्यावरून आजच्या एखाद्या जिल्ह्याच्या यादीत नाव घालणे धाडसाचे ठरते.

सूचीचा खरा आधार नाव हा नसून जपून ठेवलेला नमुना आणि त्याच्याखालची चिठ्ठी हा आहे. माळावर हातजाळी आणि जमिनीत पुरलेला खड्डासापळा, रात्री प्रकाशसापळा, शेतात कामगंध व चिकट सापळे अशा निरनिराळ्या साधनांनी नमुने मिळतात. प्रत्येक साधन विशिष्ट कीटकांनाच पकडत असल्याने एकाच साधनावर विसंबलेली यादी एकांगी होते. भुंगेऱ्याला उजव्या पंखकवचातून टाचणी टोचतात, मऊ शरीराच्या अळ्या व मावा अल्कोहोलमध्ये ठेवतात, आणि गाव, तारीख, संग्राहकाचे नाव, यजमान वनस्पती व पकडण्याची पद्धत बारीक अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी त्याच टाचणीवर बसवतात. ज्या एका नमुन्यावर नव्या जातीचे नाव कायमचे बांधले जाते त्यास प्ररूप नमुना म्हणतात. बाह्य रूपाने सारख्या दिसणाऱ्या पतंगांची व माश्यांची ओळख पुष्कळदा नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच पटते. २००३ पासून रूढ होत गेलेल्या डीएनए बारकोड पद्धतीत तंतुकणिकेतील एका ठरावीक जनुकखंडाची तुलना करतात. परंतु तुलनेसाठी आधी कोणी तरी अचूक ओळखलेला नमुना लागतोच, त्यामुळे जुन्या कारागिरीची गरज तिने संपविलेली नाही.

प्राण्यांची द्विनाम पद्धती लिनीअसच्या १७५८ च्या ग्रंथापासून मोजली जाते. पहिले नाव वंशाचे व दुसरे जातीचे असते, आणि मूळ वर्णनकर्त्याचे नाव कंसात दिले असेल, तर ती जाती नंतर दुसऱ्या वंशात गेली असे समजावे. वरच्या पायऱ्याही अचल नाहीत. वाळवीचा पूर्वी स्वतंत्र गण मानीत. जनुकीय पुराव्यांनंतर ती झुरळांच्या गणात सामावली गेली. ज्वारीवरील खोडकिड्याला जुन्या कृषिपुस्तकांत ‘कायलो झोनेलस’ म्हणत, आता ‘कायलो पार्टेलस’ म्हणतात. नावांची ही साखळी न जुळवता दोन काळांतील याद्या एकत्र केल्यास एकाच किडीच्या दोन जाती मोजल्या जातात. लोकव्यवहारातील ‘कीड’ तर याहूनही सैल आहे. सोयाबीनची कोवळी रोपे कुरतडणारी वाणी बहुपाद आहे आणि पहिल्या पावसात माळावर दिसणारा मखमली लाल मृगाचा किडा आठ पायांचा, कोळ्यांच्या नात्यातला आहे. सहा पायांच्या कीटकवर्गात दोहोंनाही जागा नाही.

जिल्ह्यातील सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा व हळद या पिकांवरील किडींच्या नोंदी तुलनेने चांगल्या आहेत. सोयाबीनवरील चक्री भुंगा, उंटअळ्या व तंबाखूची पाने खाणारी अळी, हरभरा व तुरीवरील घाटेअळी, कापसावरील तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी ही नावे शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. गुलाबी बोंडअळीचे पहिले शास्त्रीय वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात भडोच येथील कापसावरील नमुन्यांवरून झाले. उलट मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. वाळवंटी टोळ हा तर पाहुणाच. मे २०२० मध्ये त्याच्या धाडी हिंगोलीच्या उत्तरेस विदर्भात अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांपर्यंत आल्या होत्या. अशा जातींची स्थायिक जातींपासून वेगळी नोंद ठेवणे आवश्यक असते.

ओळखीचा प्रश्न किती गुंतागुंतीचा असू शकतो हे वसमत परिसरातील हळदीवरून कळते. हळदीचे खोड पोखरणाऱ्या अळीला ‘कोनोजेथिस पंक्टिफेरालिस’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि एरंडीची बोंडे पोखरणारी अळीही त्याच नावाने ओळखली जाते. मात्र वेलदोड्यावरील अळी ही निराळी जाती असल्याचे सिद्ध होऊन २०१८ मध्ये तिला ‘कोनोजेथिस सह्याद्रिएन्सिस’ हे नाव मिळाले, तेव्हापासून या वंशात केवळ पिवळे पंख व काळे ठिपके पाहून नाव लिहिणे पुरेसे राहिलेले नाही. कंदमाशीची गोष्ट आणखी वेगळी आहे. लांब पायांची ही माशी हळदीच्या कंदाचा नाश करते असे सर्वसाधारण मत आहे. काही अभ्यासकांना मात्र ती आधीच बुरशीने कुजलेल्या कंदाकडे ओढली जाते असे आढळले. कुजक्या कंदांतून यूमेरस वंशाच्या माश्याही बाहेर पडतात, आणि पाय नसलेल्या पांढुरक्या अळ्या एकमेकींपासून वेगळ्या काढणे कठीण असल्याने त्या कंदासह जाळीच्या डब्यात वाढवून प्रौढ माशी मिळेपर्यंत थांबणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो. नावाची चूक येथे थेट खर्चात उतरते, कारण बुरशी हे मूळ कारण असेल तर कीटकनाशक वाया जाते.

राज्यात २००९ पासून चालू असलेल्या क्रॉपसॅप या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पात ठरावीक किडी आर्थिक नुकसानीच्या पातळीशी ताडून मोजल्या जातात. त्याची उपयुक्तता निर्विवाद असली, तरी ते मूलतः इशारा देण्याचे काम आहे. अनोळखी कीटक तेथे मोजणीबाहेर राहतो. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ पिकांवरील किडींचा अभ्यास करते, तर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे १९५९ मध्ये स्थापन झालेले पुण्याचे पश्चिम प्रादेशिक केंद्र महाराष्ट्राच्या एकूण प्राणिसृष्टीचे सर्वेक्षण करते. या दोहोंच्या मध्ये माळावरचे शेणभुंगेरे, गवतातील नाकतोडे, एकांड्या मधमाश्या व किडींच्या अळ्यांवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या यांचा प्रचंड समुदाय पडतो. त्यांतील परजीवी गांधीलमाश्या शेतीलाच सर्वाधिक उपकारक असूनही, काही मिलिमीटर लांबीच्या असल्याने सर्वांत कमी ओळखल्या जातात. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये ग्रामपातळीवर तयार होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवह्यांत फुलपाखरे व मधमाश्या सहज येतात, कारण गावाकडे त्यांना नावे असतात. बिननावाच्या कीटकांची नोंद नमुन्याशिवाय होऊ शकत नाही. नवी जाती आढळल्यास तिचे नमुने राष्ट्रीय संग्रहस्थान म्हणून घोषित झालेल्या संस्थेत जमा करणे याच कायद्याने बंधनकारक केले आहे.