पैठणचें उद्यान

बागेचा इतिहास बहुधा तिच्या धन्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तिच्या पायीं ज्यांना स्थान सोडावें लागलें, त्यांचा उल्लेख त्यांत क्वचितच येतो. पैठण येथें जायकवाडी धरणाच्या पायथ्याशीं असलेल्या संत ज्ञानेश्वर उद्यानाचा विचार या दृष्टीनें करण्यासारखा आहे.

हें उद्यान म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर रचलेलें आहे. कृष्णराजसागराखालीं वृंदावन उद्यानाचें काम दिवाण मिर्झा इस्माईल यांनीं १९२७ सालीं आरंभिलें व १९३२ सालीं तें पुरें झालें. सोपानांवरून उतरणारें पाणी, मधोमध कारंजीं व दुतर्फा सारखी रचना, ही त्याची मोंगली बाजू. त्याची आंखणी करणारे क्रुंबिगेल हे मात्र जर्मन उद्यानतज्ज्ञ. लंडनजवळील क्यू येथील बागेंत अनुभव घेऊन ते १८९३ सालीं सयाजीराव गायकवाडांच्या सेवेंत बडोद्यास आले आणि १९०८ मध्यें बंगळूरच्या लालबागेंत गेले. अशा वाटेनें युरोपांतील उद्यानविद्याही आपल्याकडे रुजली.

त्या विद्येची एक कठोर बाजूही होती. अठराव्या शतकांतील इंग्रज सरदारांना सरळ रेषांचा वीट येऊन, निसर्गानेंच घडविलें आहे असें भासणारें उपवन आपल्या वाड्याभोंवतीं हवें झालें. लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) हा या कलेचा अग्रणी. ब्लेनहाइम येथें त्यानें लहानशी नदी अडवून विस्तीर्ण तळें केलें. डॉर्सेट परगण्यांत तर लॉर्ड मिल्टन यांच्या दृष्टीस त्यांच्या वाड्याशेजारचें गांवच खुपलें! १७८० च्या सुमारास तें पाडून रहिवाशांना नजरेआड, दरींतील नव्या घरांत नेण्यांत आलें. आज प्रवासी तीं टुमदार घरें कौतुकानें पाहतात.

पैठणची गोष्ट निराळी आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांनीं कोनशिला बसविलेलें व १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं राष्ट्रास अर्पण केलेलें हें सुमारें १० किलोमीटर लांबीचें धरण कोणाच्या नेत्रसुखासाठीं बांधलेलें नाहीं. त्याच्या डाव्या कालव्यानें परभणीकडील शेतांस पाणी दिलें. दुष्काळी मराठवाड्याला तो मोठा आधार आहे. तरीही नाथसागराच्या तळाशीं अनेक गांवें गेलीं. त्यांचे पार, देवळें आणि गोदाकांठची काळी जमीनही गेली. हेतु उदात्त असला म्हणून उठून जाणाऱ्याचें दुःख हलकें होत नाहीं.

ज्यांना समाजानें बाहेर ठेविलें, तीं विठ्ठलपंतांचीं मुलें शुद्धिपत्रासाठीं याच पैठणास आलीं, अशी परंपरा आहे. त्यांपैकीं एकाचें नांव या उद्यानाला आहे. त्या नांवाचा मान राखावयाचा, तर बुडालेल्या गांवांचीं नांवेंही येथील शिलेवर कोरलेलीं असावीं. उद्यानाचा इतिहास त्यांच्यावांचून अपुराच राहील.