महाविद्यालयीन फुटबॉलमधील क्रमनिश्चिती : इतिहास, पद्धती आणि न्यायाचा प्रश्न

सारांश

महाविद्यालयीन व विद्यापीठीय फुटबॉल स्पर्धांत संघांना दिला जाणारा क्रमांक हा केवळ मैदानावरील निकाल नसतो. स्पर्धेची रचना, विभागवार वाटप, मानांकन आणि तक्रारीची सोय या सर्वांचा तो परिणाम असतो. प्रस्तुत शोधनिबंधात भारतातील आंतरविद्यापीठ फुटबॉलच्या क्रमनिश्चितीचा इतिहास मांडला असून बाद पद्धतीतील उणिवा, अमेरिकेतील मताधारित क्रमवारी व सातारा जिल्ह्याचे मल्ल खाशाबा जाधव यांचे उदाहरण यांच्या आधारे या पद्धतींच्या न्याय्यतेची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : क्रमनिश्चिती, बाद पद्धत, साखळी पद्धत, मानांकन, आंतरविद्यापीठ स्पर्धा, क्रीडान्याय.

१. प्रास्ताविक

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर आणि कोरेगाव तालुक्याचा परिसर हा यात्रांचा व कुस्त्यांच्या फडांचा परिसर आहे. यात्रेच्या जाहिरातफलकावर 'एक नंबरची कुस्ती', 'दोन नंबरची कुस्ती' असा उल्लेख असतो. हा नंबर कुस्ती होण्यापूर्वीच ठरलेला असतो. मल्लांचा लौकिक व इनामाची रक्कम पाहून यात्रा समिती तो ठरविते. फडातील निकालाने तो बदलत नाही. एक नंबरची कुस्ती बरोबरीत सुटली तरी ती एक नंबरचीच राहते. याउलट महाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेत क्रमांक हा खेळ संपल्यानंतर जाहीर होतो आणि तो सर्वस्वी खेळातूनच निष्पन्न झाला, असे गृहीत धरले जाते.

क्रमांक देण्याच्या या दोन रीती आहेत. एक लौकिकावर आधारलेली, दुसरी निकालावर. पहिली उघडपणे मताची असते. दुसरी वस्तुनिष्ठ मानली जाते, त्यामुळे तिची चिकित्सा सहसा होत नाही. ग्रामीण महाविद्यालयाचा फुटबॉल संघ वर्षभर सराव करतो, विभागीय स्पर्धेला जातो, पहिल्याच सामन्यात बलाढ्य संघाशी गाठ पडून हरतो आणि सायंकाळच्या गाडीने परत येतो. त्या संघाचा दर्जा त्या एका सामन्याने खरोखरच ठरला काय, हा प्रस्तुत निबंधाचा मूळ प्रश्न आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

(अ) आंतरविद्यापीठ फुटबॉलच्या क्रमनिश्चितीचा ऐतिहासिक आढावा घेणे. (आ) बाद, साखळी व मताधारित पद्धतींची न्यायाच्या दृष्टीने तुलना करणे. (इ) क्रमांकाचे विद्यार्थ्यांच्या जीवनावर होणारे परिणाम लक्षात घेऊन सुधारणा सुचविणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आवश्यक तेथे साध्या संभाव्यता-गणिताचा आधार घेतला आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

पश्चिम भारतात फुटबॉल रुजला तो लष्करी छावण्यांमधून. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. तिच्यावर दीर्घकाळ ब्रिटिश लष्करी संघांचेच वर्चस्व होते. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने तो चषक जिंकला, तेव्हा प्रथमच तो भारतीय नागरी संघाच्या हाती आला. ही स्पर्धा बाद पद्धतीची होती. मुंबईतच १९०२ मध्ये सुरू झालेल्या हारवुड लीगने साखळी पद्धतीचा परिचय करून दिला. चषक म्हणजे बाद पद्धत आणि लीग म्हणजे साखळी पद्धत, ही आजही रूढ असलेली विभागणी याच काळात आपल्याकडे आली.

दक्षिण महाराष्ट्रात फुटबॉलचे माहेरघर कोल्हापूर. तेथे हा खेळ तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे फुटबॉल संघांची आहेत, हे बाहेरच्या माणसाला आश्चर्याचे वाटते. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या साखळी स्पर्धेमुळे या संघांना हंगामात अनेक सामने मिळत गेले. एका पराभवाने तेथे संघ संपत नाही.

विद्यापीठीय पातळीवरील रचना निराळी राहिली. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झाले. १९७३ मध्ये त्याचे भारतीय विद्यापीठ संघ असे नामांतर झाले. आंतरविद्यापीठ फुटबॉलसाठीचा सर आशुतोष मुखर्जी चषक १९४१ पासूनचा आहे. सर्व खेळांतील एकत्रित कामगिरीसाठी मौलाना अबुल कलाम आझाद चषक १९५६-५७ पासून देण्यात येऊ लागला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाल्यावर सातारा व सांगली भागातील महाविद्यालये या साखळीशी जोडली गेली. महाविद्यालय, विद्यापीठातील विभाग, आंतरविभागीय स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग आणि शेवटी अखिल भारतीय स्पर्धा अशी ही चढती शिडी आहे. तिच्या बहुतेक पायऱ्यांवर बाद पद्धतच वापरली जाते. शेवटच्या चार संघांत मात्र साखळी सामने खेळविण्याचा प्रघात आहे.

४. बाद पद्धत : गणित काय सांगते?

बाद पद्धतीत विजेता बहुधा योग्य ठरतो, परंतु त्याखालील क्रमांक भरवशाचे नसतात. हा दोष नव्याने लक्षात आलेला नाही. ऑक्सफर्ड येथील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन, जे बालसाहित्यात लुईस कॅरल या नावाने प्रसिद्ध आहेत, त्यांनी १८८३ मध्ये टेनिस स्पर्धांतील बक्षीसवाटपावर एक पुस्तिका लिहिली. ३२ खेळाडूंच्या बाद स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरे बक्षीस मिळण्याची संभाव्यता केवळ ३१ पैकी १६ आहे, असे त्यांनी दाखवून दिले. तो सर्वश्रेष्ठ खेळाडूच्याच अर्ध्या गटात पडला, तर अंतिम सामन्यापूर्वीच बाद होतो.

हेच गणित १६ संघांच्या फुटबॉल स्पर्धेला लावून पाहू. समजा, मानांकन नाही, भाग्यपत्रिका केवळ चिठ्ठ्या टाकून काढली आहे आणि प्रत्येक सामन्यात सरस संघच जिंकतो. अशा आदर्श स्थितीतही गुणवत्तेने दुसरा असलेला संघ अंतिम चारांत पोहोचण्याची शक्यता ८० टक्के असते. तिसऱ्या संघाबाबत ती सुमारे ६३ टक्क्यांवर येते. म्हणजे देशात तिसरा असलेला संघ शंभरांतील सुमारे सदतीस वेळा अंतिम चारांच्या बाहेरच राहतो. सर्वांत चांगले चारही संघ शेवटच्या चारांत येण्याची शक्यता तर अवघी १४ टक्के आहे. शेवटच्या चारांत साखळी खेळविल्याने त्या चौघांचा परस्परक्रम निश्चित होतो. परंतु त्या चौघांत कोण असावे हा प्रश्न तिच्याने सुटत नाही. पावसाने चिखल झालेले मैदान, पंचाची चूक, टायब्रेकर हे घटक या हिशेबात धरलेलेच नाहीत.

५. मानांकन व विभागवार वाटप

हा दोष टाळण्यासाठी मानांकनाचा उपाय केला जातो. मागील वर्षीच्या अग्रेसर संघांना भाग्यपत्रिकेत परस्परांपासून दूर ठेवले जाते. व्यावसायिक संघांच्या बाबतीत हे योग्यच आहे. विद्यार्थ्यांचा संघ मात्र दरवर्षी बदलतो; पदवी पूर्ण झाली की खेळाडू निघून जातो. गतवर्षीच्या मुलांनी मिळविलेल्या मानांकनाचा लाभ यंदाच्या मुलांना होतो आणि गतवर्षी हरलेल्यांचा भार यंदाच्यांना वाहावा लागतो. हे मानांकन संस्थेला मिळालेले असते. त्यात मैदानात उतरलेल्या यंदाच्या संघाचा विचार नसतो.

विभागवार वाटपाचाही असाच प्रश्न आहे. देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम असे चार विभाग करून प्रत्येकातून ठराविक संघ अखिल भारतीय फेरीत घेतले जातात. विस्तीर्ण देशात याला पर्याय नाही आणि प्रत्येक प्रदेशाला संधी मिळणे हेही न्यायाचेच एक अंग आहे. तथापि फुटबॉलची परंपरा चारही विभागांत सारखी नाही. बलवान विभागातील पाचवा संघ घरी राहतो आणि दुर्बल विभागातील चौथा संघ पुढे जातो. प्रतिनिधित्व आणि गुणवत्ताक्रम ही दोन वेगळी मूल्ये आहेत. आपण त्यांपैकी एकाचे माप दुसऱ्याच्या नावाने देतो, हे मान्य केले पाहिजे.

६. गुणांची बेरीज

साखळी पद्धत अधिक न्याय्य खरी, पण तीही निर्दोष नाही. १६ संघांच्या पूर्ण साखळीला १२० सामने लागतात, तर बाद पद्धतीला १५. शिवाय गुण समान झाले की गोलफरक पाहावा लागतो. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील गिहोन येथे विश्वचषकाच्या सामन्यात पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियावर १-० अशी मात केली. त्या निकालाने दोन्ही संघ पुढे जात होते व आदल्या दिवशीच आपला सामना संपविलेला अल्जिरिया बाद होत होता. म्हणून गोल झाल्यावर दोघांनीही खेळ जवळजवळ थांबविला. कोणताही लिखित नियम मोडला गेला नव्हता. पुढे १९८६ पासून गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळविण्यात येऊ लागले. नियमावली अशा अनुभवांतूनच सुधारते, हा या घटनेचा धडा होय.

आझाद चषकाचा क्रम हा आणखी निराळा प्रकार आहे. तेथे अनेक खेळांतील कामगिरीचे गुण एकत्र केले जातात. अधिक खेळांत संघ उतरविण्याची आर्थिक क्षमता ज्या विद्यापीठाकडे आहे, ते स्वाभाविकपणे पुढे जाते. त्या चषकावरून एखाद्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा दर्जा ठरविणे चुकीचे होईल.

७. मतांची क्रमवारी : अमेरिकेचे उदाहरण

अमेरिकेत 'कॉलेज फुटबॉल' या नावाने खेळला जाणारा खेळ आपल्या फुटबॉलहून वेगळा आहे, परंतु क्रमनिश्चितीचा प्रश्न तोच आहे. तेथील सर्वोच्च श्रेणीत १३० हून अधिक संघ असून नियमित हंगामात प्रत्येक संघ साधारण १२ सामने खेळतो. सर्वांची गाठ पडणे अशक्य. म्हणून १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांच्या मतांवरून क्रमवारी प्रसिद्ध करीत आली. १९९८ पासून मते व संगणकीय गुण यांची सांगड घालण्यात आली. २०१४ च्या हंगामापासून निवड समिती चार संघ निवडू लागली. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाने तेराही सामने जिंकले, तरी त्याला त्या चारांत स्थान मिळाले नाही. प्रमुख खेळाडू जायबंदी झाल्याने संघाचे बळ घटले, हा विचार समितीने केला होता. २०२४ च्या हंगामापासून अंतिम फेरीतील संघांची संख्या बारा करण्यात आली.

यात्रेतील 'एक नंबरची कुस्ती' आणि ही समिती यांत तत्त्वतः फरक नाही. दोन्हीकडे जाणकारांचे मतच क्रमांक देते. फरक इतकाच की यात्रेतील नंबर ही केवळ जाहिरात असते आणि येथे त्यावर विजेतेपदाची संधी अवलंबून असते. तरीही अमेरिकेच्या उदाहरणातील एक गोष्ट अनुकरणीय आहे. क्रमवारी वेळोवेळी प्रसिद्ध होते, समितीला कारणे सांगावी लागतात आणि त्यावर जाहीर वाद होतो.

८. दाद मागण्याचा अधिकार : खाशाबा जाधव

क्रमनिश्चितीतील अन्यायाचा विचार करताना सातारा जिल्ह्यातील वाचकाला कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीच्या निवडीत आपल्याला हेतुतः एक गुण कमी देण्यात आला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी कुस्ती झाली व ती जिंकून ते हेलसिंकीला गेले, असे त्यांच्याविषयीच्या चरित्रपर लेखनात नमूद आहे. तेथे त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मात्र तेथे दोन कुस्त्यांमध्ये नियमाने मिळावयाची विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि ती मागण्यास भारताचा कोणी अधिकारी उपस्थित नव्हता, असेही नोंदविले गेले आहे.

या एकाच चरित्रात दोन्ही बाजू दिसतात. जेथे दाद मागण्यास दार होते, तेथे एका गुणाचा वाद मैदानावर सुटला. जेथे मागणारा नव्हता, तेथे नियम असूनही तो निरुपयोगी ठरला. त्यातही महाराजांकडे जाणे हा व्यक्तीच्या धैर्याचा भाग झाला. ती व्यवस्था नव्हे. लहान गावातील महाविद्यालयाच्या संघाबरोबर अनेकदा एखादाच प्राध्यापक असतो. तक्रार कोणाकडे, किती वेळात व कोणत्या शुल्कासह करावयाची हे त्यास ठाऊक नसेल, तर त्याच्या संघासाठी नियम अस्तित्वातच नाहीत.

९. क्रमांकाचे मोल

हा प्रश्न केवळ मानसन्मानाचा असता, तर इतका ऊहापोह आवश्यक नव्हता. परंतु क्रमांकाशी उपजीविका जोडलेली आहे. केंद्र शासनाच्या गुणवंत खेळाडूंच्या भरतीविषयक सूचनांत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करणारे खेळाडू पात्र मानले असून अग्रक्रम देताना तिसऱ्या स्थानापर्यंतच्या यशाचा वेगळा विचार केला जातो. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले व १ जुलै २०१६ रोजी त्याचे निकष सुधारले. तेथेही स्पर्धेतील स्थान महत्त्वाचे आहे. म्हणजे जो तिसरा क्रमांक बाद पद्धत सर्वांत कमी विश्वासार्हतेने ठरविते, त्याच क्रमांकावर शासन रेषा ओढते. शेतकरी कुटुंबातील मुलाच्या दृष्टीने ही रेषा म्हणजे नोकरी व बेकारी यांतील अंतर असू शकते.

१०. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून असे दिसते की कोणतीही क्रमवारी पूर्णतः न्याय्य नसते. परंतु कमीअधिक न्याय्य निश्चित असते. तिच्या तीन कसोट्या सांगता येतील : नियम खेळापूर्वी जाहीर असणे, परस्परांशी खेळण्याची पुरेशी संधी मिळणे आणि निर्णयावर दाद मागता येणे. त्या अनुषंगाने पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) विद्यापीठांतर्गत विभागीय पातळीवर तीन किंवा चार संघांचे छोटे साखळी गट करून प्रत्येक महाविद्यालयास किमान दोन सामने मिळावेत. मैदान, पंचांचे मानधन व परीक्षांचे वेळापत्रक या अडचणी खऱ्या आहेत. पण दोन शेजारी महाविद्यालयांनी गट वाटून घेतल्यास खर्चाचा भार हलका होईल.

२) ज्याच्यापेक्षा सरस असे तीन संघ निकालांतून सिद्ध झालेले नाहीत, त्याला तिसऱ्या क्रमांकासाठीच्या स्पर्धेतून वगळू नये, हे डॉजसन यांचे तत्त्व स्वीकारावे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत अंतिम फेरीतील मल्लांकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. कुस्तीच्या जिल्ह्यास ही कल्पना परकी वाटू नये.

३) भाग्यपत्रिका सर्व संघव्यवस्थापकांसमोर काढावी, मानांकनाचा आधार लेखी द्यावा व तक्रारीची रीत मराठीत छापून प्रत्येक संघास आधी द्यावी.

४) प्रमाणपत्रावर केवळ क्रमांक न लिहिता संघाने किती सामने खेळले व कोणाविरुद्ध खेळले याची नोंद असावी, म्हणजे भरती करणाऱ्यास त्या क्रमांकाचा अर्थ लावता येईल.

पहिल्याच सामन्यात पुढे विजेता ठरलेल्या संघाकडून हरलेला संघ शेवटचा असतोच असे नाही. आपल्या पद्धतीला त्याचे स्थान माहीत नसते, एवढेच खरे. ते जाणून घेण्यासाठी आणखी एक सामना खेळविण्याची तयारी असणे, हीच क्रीडान्यायाची पहिली पायरी होय.