पैसे आले, पण कोणाचे?

हिशेबाच्या वहीतले आपले शब्द फार लांबून आले आहेत. जमा, बाकी, वसूल, हिशेब हे मूळचे अरबी. खर्च आणि रोजकीर्द फारसीच्या वाटेने आलेले. त्यातल्या ‘रक्कम’ या शब्दाची मला नेहमी मौज वाटते. अरबीत त्याचा अर्थ लिहिलेली खूण, आकडा. आपण तो पैशालाच लावून टाकला. ‘वसूल’चा मूळ अर्थही नुसता ‘पोहोचणे’ एवढाच. पण पैसा पोहोचला तरी एक प्रश्न उरतोच, तो पाठवला कोणी आणि कशापोटी? नाण्यावर राजाचे नाव असते, देणाऱ्याचे नसते.

आपल्याकडच्या सावकारांनी या प्रश्नाचे उत्तर हुंडीत शोधले होते. सुरतेहून आग्र्याला, उत्तरेतून पुण्याला पैसा जायचा तो बहुधा कागदावर बसून. त्या कागदावर हुंडी लिहिणाऱ्याचे नाव असे, ज्याच्यावर लिहिली त्याचे असे, पैसे ठेवणाऱ्याचेही असे. हजार रुपये असतील तर ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट हजार’ अशा धर्तीवर रक्कम लिहीत, म्हणजे कोणी आकड्याशी खेळ करू नये. हुंडी हरवली तर पैठ, पैठही हरवली तर परपैठ. पैसे चुकते झाले की त्या हुंडीचा खोखा होई आणि तो जपून ठेवला जाई. पैशाबरोबर त्याची हकिकतही प्रवास करत होती.

1880 साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि ही सोय सावकाराच्या पेढीवरून गरिबाच्या उंबऱ्यापर्यंत आली. मुंबईच्या गिरणीतला माणूस कोकणात किंवा घाटावर पैसे धाडायचा, तेव्हा फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असे. ‘दहा रुपये दुकानदाराला द्यावेत, बाकी घरखर्चास.’ हिशेबनीस ज्याला आज ‘रेफरन्स’ म्हणतात, तो हाच. पुढे 2015 मध्ये टपाल खात्याने ही जुनी मनीऑर्डर बंद केली.

त्याच सुमारास युरोपात वेगळी युक्ती निघाली. व्हिएन्नात गेओर्ग कोख या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने 1883 मध्ये ऑस्ट्रियाची टपाल बचत बँक उघडली आणि त्याच वर्षी तिने चेक-व्यवहार सुरू केला. प्रत्येक खात्याला क्रमांक असे. रोकड न हलवता एका क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकावर पैसे फिरू लागले. 1906 पासून स्वित्झर्लंडच्या टपाल खात्यानेही ही पद्धत घेतली. पुढे तिथल्या बिलाला जोडून नारिंगी पावती येऊ लागली. तिच्यावर सत्तावीस अंकी संदर्भक्रमांक छापलेला असे आणि त्यातला शेवटचा अंक आधीच्या अंकांच्या तपासणीसाठी असे. पैसे भरणाऱ्याने काही लिहायचे नाही. कोणते बिल, कोणता ग्राहक, हे सगळे त्या आकड्यात. ती पावती सप्टेंबर 2022 अखेर बंद होऊन क्यूआर बिल आले, पण सत्तावीस अंक टिकले.

आपल्याकडे 2004 मध्ये आरटीजीएस आणि 2005 मध्ये एनईएफटी आली. चेक वटण्याची वाट पाहणे कमी झाले, पण जुना प्रश्न नव्या रूपात समोर आला. एखाद्या कंपनीचे शेकडो विक्रेते एकाच खात्यात पैसे भरतात. एक स्वतःच्या नावाने, दुसरा भावाच्या खात्यातून, तिसरा तीन बिलांचे मिळून. बँकेच्या उताऱ्यावर अर्धवट तुटलेले नाव आणि एक लांबलचक क्रमांक. कारकून बिलांची चळत घेऊन जुळवत बसतो आणि जुळले नाही ते सस्पेन्स खात्यात टाकतो.

यावर बँकांनी काढलेला तोडगा म्हणजे व्हर्च्युअल अकाउंट नंबर. कंपनीचे खरे खाते एकच असते. बँक तिला एक ठरावीक आरंभीचा अंक-अक्षरसमूह देते. पुढे कंपनी आपल्या ग्राहकाचा किंवा बिलाचा क्रमांक जोडते. झाला त्या ग्राहकासाठी स्वतंत्र खातेक्रमांक. ग्राहक नेहमीसारखे पैसे भरतो. त्या क्रमांकामागे वेगळी तिजोरी नसते. पैसा थेट मूळ खात्यात जातो, आणि कोणत्या क्रमांकावर किती आले याची यादी कंपनीला मिळते. पैसे भावाच्या खात्यातून आले तरी ज्याला तो क्रमांक दिला, त्याच्याच नावे जमा धरता येतात. शाळांची फी आणि कर्जाचे हप्तेही या रीतीने घेतले जातात.

यात कारकुनाचा वेळ वाचतो ही गोष्ट लहान आहे. जो पैसे भरूनही वहीत थकबाकीदार राहतो, त्याचा विचार करा. त्याचा पुढचा माल अडतो, व्याज चढते आणि चार लोकांत त्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागते, ‘अहो, मी भरलेत.’ मोठ्या व्यापाऱ्याला ती एक न जुळलेली नोंद; छोट्या दुकानदाराची मात्र सगळी पत तिच्यात अडकलेली. बाजारात त्याच्यापाशी दुसरे भांडवल ते काय असते?

तरी आकडा सर्वज्ञ नाही. पाचशेऐवजी साडेचारशे आले, तर पन्नास का कापले हे तो सांगत नाही. माल भिजला होता की ग्राहक चेंगट होता, हे फोन करूनच विचारावे लागते. क्रमांक चुकीचा दिला, तर पैसे मुकाट्याने दुसऱ्याच्या नावे जमा होतात. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी समोरच्या खातेदाराचे नाव दिसावे, अशी सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. शे-दीडशे वर्षे आपण नावाचे क्रमांक करत आलो आणि आता क्रमांकामागचे नाव पुन्हा वाचू लागलो. हुंडीवर तीन नावे लिहिणाऱ्या त्या सावकारांना यात नवल वाटले नसते.