दोन इंच बर्फात अटलांटा का अडकलं?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे मित्र हमखास एक गोष्ट विचारतात. विषय सुचलाय, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा? माझ्या पहिल्या सिनॉप्सिसवर गाईडनी लाल पेनानं फक्त "मग?" एवढंच लिहिलं होतं, त्यामुळे ही अडचण मला चांगलीच ओळखीची आहे. व्याख्या कुठल्याही पुस्तकात मिळतील. त्यापेक्षा एक घटना घेऊ आणि तिच्या मागे मागे जाऊ.

घटना अमेरिकेतल्या अटलांटा शहरातली. जॉर्जिया राज्याची ही राजधानी, देशाच्या दक्षिण भागातली. उन्हाळा कडक, हिवाळा सौम्य. बर्फ पडतो, पण वर्षाकाठी जेमतेम दोन-एक इंच, आणि एखाद्या वर्षी तेवढाही नाही.

२८ जानेवारी २०१४, मंगळवार. आदल्या दिवसापासून हवामान खात्याचे इशारे येत होते, पण जोर शहराच्या दक्षिणेकडे असेल असा बऱ्याच जणांचा समज होता. पहाटे साडेतीननंतर खात्यानं संपूर्ण अटलांटा महानगरासाठी हिमवादळाचा पक्का इशारा दिला. तरी सकाळी शाळा भरल्या, ऑफिसं उघडली. दुपारच्या सुमारास बर्फ सुरू झाला आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार आला: घरी जाऊ. शाळा, सरकारी कार्यालयं, खासगी कंपन्या, सगळे तासा-दोन तासांत सुटले.

पुढे काय झालं ते नीट समजून घ्या. गाड्यांच्या चाकांखाली बर्फ दबला, थोडा वितळला आणि तापमान शून्याखाली असल्यानं पुन्हा गोठला. रस्त्यावर काचेसारखा थर तयार झाला. मीठ आणि खडी टाकणारे ट्रक निघाले, पण तेही त्याच गर्दीत अडकले. काही किलोमीटरसाठी लोकांना दहा-बारा तास लागले, काहींची अख्खी रात्र गाडीत गेली. दोन हजारांहून अधिक मुलं शाळेतच झोपली. हजाराहून अधिक अपघात झाले. लोक गाड्या सोडून चालत निघाले, दुकानांमध्ये जमिनीवर झोपले. शहराभोवतीच्या २८५ क्रमांकाच्या महामार्गावर अडकलेल्या गाडीत एका मुलीचा जन्म झाला. आणि बर्फ किती? विमानतळावर मोजला तो अडीच इंचांच्या आसपास.

आता "अटलांटातील हिमवादळ : एक अभ्यास" असं शीर्षक देता येईल. पण हा अजून नुसता विषय आहे. गाईडचा "मग?" इथेच येतो.

पहिलं उत्तर सत्तेकडून आलं. गव्हर्नर नेथन डील यांनी सुरुवातीला हे वादळ अनपेक्षित होतं अशी भूमिका घेतली. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यानं लगेच कागद मागावा. हवामान खात्याच्या प्रत्येक इशाऱ्यावर वेळ नोंदलेली असते, मिनिटापर्यंत. ती वेळ आणि गव्हर्नरांचं विधान शेजारी शेजारी ठेवलं की "अनपेक्षित" हा शब्द टिकत नाही. हवामानतज्ज्ञांनी तेव्हाच हे दाखवून दिलं, आणि डील यांनी पुढे जबाबदारी घेऊन माफी मागितली. साधी गोष्ट आहे, पण कोणत्या साधनाला कोणत्या साधनाशी भिडवायचं हे तुम्हाला मुलाखतीत विचारलं तर हे उदाहरण सांगा.

दुसरं उत्तर जास्त पटणारं आहे: सगळे एकाच वेळी निघाले. महापौर कासिम रीड यांनीही हे मान्य केलं. पण यातून एक नवी अडचण उभी राहते. १२ जानेवारी १९८२ ला अटलांटात जवळपास हेच घडलं होतं. दुपारी बर्फ, सगळे एकदम रस्त्यावर, गाड्या सोडून चालत निघालेली माणसं. त्या प्रसंगाला तिथले लोक 'स्नोजॅम' म्हणतात आणि तो विसरलेले नाहीत. मग बत्तीस वर्षांनी तीच चूक कशी होते? आणि एवढी माणसं मुळात गाडीनंच घरी का जातात?

मला वाटतं, संशोधनाचा प्रश्न इथे सुरू होतो. अटलांटा शहराची लोकसंख्या २०१० च्या जनगणनेत सव्वाचार लाखही नव्हती. भोवतालच्या महानगराची मात्र पन्नास लाखांच्या वर. म्हणजे महापौरांच्या हाताखाली दहातला एकही माणूस नाही. बाकीचे वेगवेगळ्या काउंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यासारखं एकक समजा), प्रत्येकीचं सरकार वेगळं, शाळांचे निर्णय वेगळे. महामार्ग तर राज्य सरकारचे. सगळ्यांना "थोडं थांबून, टप्प्याटप्प्यानं निघा" असं सांगू शकेल असं कोणी नव्हतंच.

हे विखुरलेपण नकाशावर आपोआप आलेलं नाही. इतिहासकार केविन क्रूझ यांचं २००५ मधलं 'व्हाइट फ्लाइट' हे पुस्तक नेमकं याच शहरावर आहे. काळ्या नागरिकांसाठी शाळा, बागा, वस्त्या खुल्या होऊ लागल्या तसे गोरे रहिवासी शहर सोडून उपनगरांत गेले. त्यांच्या हिशेबानं १९६० च्या दशकात सुमारे साठ हजार आणि १९७० च्या दशकात आणखी एक लाख. महामार्ग आखतानाही वंशाचा विचार होताच. शहराच्या मधून जाणारा रस्ता ऑबर्न अव्हेन्यूच्या काळ्या वस्तीला चिरत गेला. आणि सार्वजनिक वाहतूक? 'मार्टा' ही रेल्वे-बस सेवा पाच काउंट्यांसाठी कल्पिलेली होती. १९६५ मध्ये कॉब काउंटीच्या मतदारांनी नकार दिला, १९७१ मध्ये क्लेटन आणि ग्विनेट यांनी. उरल्या फुल्टन आणि डीकाल्ब. विरोधामागे कराचं कारण होतंच, पण शहरातले काळे लोक आपल्याकडे येतील ही भीतीही उघड बोलली जात होती. २०१४ च्या त्या रात्री मार्टाच्या गाड्या धावत होत्या. पण बहुतेकांच्या घरापर्यंत त्यांचे रूळच नव्हते.

पत्रकार रेबेका बर्न्स यांनी घटनेनंतर लगेचच हा धागा मांडला. क्रूझ यांनीही २०१९ मध्ये अटलांटाच्या वाहतूककोंडीवर असाच लेख लिहिला. वाचताना मी पूर्ण भारावून गेलो होतो. सगळं कसं जुळतंय!

सगळं जुळायला लागलं की मात्र मी हल्ली जरा सावध होतो.

कारण दोनच आठवड्यांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, अटलांटात पुन्हा बर्फ आणि गोठता पाऊस आला. या वेळी आणीबाणी आधीच जाहीर झाली, शाळा-ऑफिसं बंद राहिली, लोकांनी दूध-पाव भरून ठेवलं. रस्ते ओस पडले. झाडं आणि तारा पडून लाखो घरांची वीज गेली, ते वेगळं. पण शहर रस्त्यावर अडकलं नाही. काउंट्या त्याच, महामार्ग तेच, मार्टा तेवढीच. मग साठ वर्षांचा वंशभेदाचा इतिहास हेच कारण असेल, तर फेब्रुवारीत ते कुठे गेलं?

माझं उत्तर असं: तो इतिहास २८ जानेवारीची दुपार समजावून सांगत नाही. ती दुपार निर्णयांच्या चुकीनं घडली. चूक झाल्यावर सावरायला दुसरी वाट का नव्हती, एवढं तो सांगतो. ही दोन कारणं एकाच वाक्यात कोंबली की प्रबंध दिसायला भारी होतो आणि व्हायवात कोसळतो. क्रूझ यांचा युक्तिवाद रोजच्या कोंडीबद्दल आहे, तिथे तो मजबूत आहे. एका दिवसाच्या संकटावर तो जसाच्या तसा लावणं ही वाचकाची घाई.

अजून एक गोष्ट मला टोचते. त्या रात्रीच्या बहुतेक आठवणी गाडीत अडकलेल्यांच्या आहेत. क्लेटन काउंटीची स्वतःची बससेवा पैशांअभावी मार्च २०१० मध्येच बंद पडली होती. ज्यांच्याकडे गाडी नव्हती अशी तिथली माणसं त्या मंगळवारी कामावर कशी गेली होती आणि परत कशी आली? बातम्यांच्या ढिगात त्यांना शोधायला गेलात तर फार हाती लागत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये, १९७१ च्या नकारानंतर त्रेचाळीस वर्षांनी, क्लेटनच्या मतदारांनी मार्टाला मोठ्या बहुमतानं होकार दिला. वाक्य लगेच सुचतं: "बर्फानं क्लेटनचं मत बदललं." पण मधल्या काळात क्लेटनची वस्तीच बदलली होती. १९७१ मध्ये ती बहुसंख्य गोरी होती, २०१४ मध्ये बहुसंख्य काळी, आणि बस बंद पडल्याची झळ चार वर्षं सोसलेली. मार्च २०१५ मध्ये तिथे मार्टाची बस सुरू झाली. तिच्या पहिल्या प्रवाशांना जानेवारीची ती रात्र आठवते का, हे कोणी जाऊन विचारलं तर एक चांगलं प्रकरण होईल.