मुलांच्या वसतिगृहावरील जपानी मांगा : 'ग्रीनवूड'च्या विनोदाचे संकेत

मांगा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी चित्रकथांमध्ये शाळा हे नेहमीचे कथास्थळ आहे. त्यातही मुलांच्या वसतिगृहात घडणाऱ्या विनोदी कथांची एक स्वतंत्र शाखा मानता येते. युकिए नासू या लेखिका-चित्रकर्तीची 'कोको वा ग्रीनवूड', म्हणजे 'हे आहे ग्रीनवूड', ही मालिका या शाखेचे ठळक उदाहरण होय. हाकुसेन्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'हाना तो युमे' या नियतकालिकात ती १९८६ ते १९९१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि ११ खंडांत संकलित झाली. तोमोमी मोचिझुकी यांच्या दिग्दर्शनाखाली तिच्यावर ६ भागांची ॲनिमेशन मालिका १९९१ ते १९९३ दरम्यान निघाली. इंग्रजी आवृत्ती २००४पासून उपलब्ध झाली, तर २००८मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर तिचे नाट्यरूपांतरही झाले.

वरकरणी ही खोड्या, फजिती आणि आरडाओरडा यांची कथा आहे. परंतु तिच्या विनोदाचे संकेत एकेक करून पाहिले, तर ते सारे एकाच कामाला जुंपलेले दिसतात. घर हरवलेल्या एका मुलाला, त्याची कीव न करता, घर मिळवून देणे हे ते काम.

दुःखाच्या पायावर उभी कथा

कथानायक काझुया हासुकावा हा माध्यमिक शिक्षण संपवून रयोकुतो या मुलांच्या उच्च माध्यमिक शाळेत दाखल झालेला विद्यार्थी. आईवडिलांचे छत्र हरपल्यानंतर थोरल्या भावाने त्याला वाढवले आहे. त्याच भावाने सुमिरे या तरुणीशी विवाह केला, आणि नेमके तिच्यावरच काझुयाचे पहिलेवहिले, अबोल प्रेम जडलेले होते. वहिनी झालेल्या सुमिरेबरोबर एका छताखाली राहणे असह्य होऊन तो वसतिगृहाचा आश्रय घेतो. त्यातही दैव आडवे येते. आजारपणामुळे तो इतरांपेक्षा उशिरा तेथे पोहोचतो, आणि ज्या भावापासून दूर पळायचे, तोच शाळेच्या आरोग्यकक्षात नोकरीला असल्याचे त्याला कळते.

वसतिगृहाचे अधिकृत नाव 'रयोकुरिन'. त्याचा शब्दशः अर्थ हिरवे रान, म्हणून मुलांनी त्याचे 'ग्रीनवूड' केले. या नावात एक खोच आहे. 'रयोकुरिन' हा मूळचा चिनी शब्द बंडखोर आणि दरोडेखोर यांचाही वाचक आहे, आणि इंग्रजी परंपरेत 'ग्रीनवूड' म्हणजे रॉबिन हूडसारख्या फरारी वीरांचे अरण्य. दोन्ही भाषांत हिरवे रान हा घरादाराला मुकलेल्यांचा आसरा ठरतो.

शोकांतिकेचे प्रहसन

'हाना तो युमे' हे १९७४मध्ये सुरू झालेले, मुख्यतः मुलींसाठीचे नियतकालिक. मुलींच्या नियतकालिकात मुलांच्या वसतिगृहाची कथा का, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आधीच्या दशकात सापडते. मोतो हागिओ यांची 'थॉमसचे हृदय' ही १९७४ची मालिका जर्मनीतील मुलांच्या निवासी शाळेत घडते आणि तिची सुरुवातच एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येने होते. केइको ताकेमिया यांनी १९७६मध्ये सुरू केलेली 'वारा आणि झाडांचे गीत' ही मालिका फ्रान्समधील निवासी शाळेत घडते व शोकांताकडे जाते. या दोघींनी मुलांचे वसतिगृह हे उत्कट, कोंडलेल्या आणि विनाशी भावनांचे रंगस्थान बनवले. मुलींना आपल्या वाट्याला आलेल्या सामाजिक चौकटीबाहेर उभे राहून प्रेम, देह आणि एकाकीपणा यांचा विचार करण्याची मुभा त्या दूरच्या, परक्या शाळेने दिली.

त्या भव्य शोकभावाची थट्टा करण्याची सुरुवातही लवकरच झाली. मिनेओ माया यांची 'पातालिरो!' ही विडंबनात्मक मालिका १९७८पासून याच नियतकालिकात येत होती. नासू यांनी मात्र विडंबनाची पुढची पायरी गाठली. त्यांनी वसतिगृह युरोपातून उचलून समकालीन जपानमध्ये आणले. तेथे गॉथिक कमानी आणि गुलाब यांच्याऐवजी भोजनगृह, हजेरी, सामायिक स्नानगृह आणि दोघांत एक खोली आली. अपुऱ्या प्रेमाचा तोच विषय कायम राहिला. फक्त त्यावर मरण्याऐवजी जेवणाच्या घंटेला धावत जाणे भाग पडू लागले.

वसतिगृहातील खोड्यांना जपानी साहित्यात जुना आधारही होता. नात्सुमे सोसेकी यांच्या १९०६च्या 'बोच्चान' या कादंबरीत रात्रपाळीवर असलेल्या तरुण शिक्षकाच्या अंथरुणात विद्यार्थी टोळ सोडतात, आणि जाब विचारला असता पश्चात्ताप व्यक्त करण्याऐवजी त्या कीटकाचे नेमके नाव काय यावर वाद घालतात. गुन्ह्यापेक्षा शब्दाची काटेकोर चिकित्सा करण्याचा हा नमुना 'ग्रीनवूड'मधील थोरल्या विद्यार्थ्यांच्या वागण्यातही ओळखू येतो.

पहिला संकेत : प्रवेशाची खोडी

वसतिगृहाच्या कथेत नवागताची फसवणूक हा जणू नांदीचा प्रसंग असतो. काझुयाला खोली क्रमांक २१०मध्ये जागा मिळते. तेथील सोबती शुन किसारागी लांब केसांचा आणि मुलीसारख्या चेहऱ्याचा. शेजारच्या २११मधील दोघे थोरले, वसतिगृहप्रमुख मित्सुरू इकेदा आणि विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष शिनोबू तेझुका, काझुयाला गंभीर चेहऱ्याने पटवून देतात की शुन खरोखर मुलगी आहे. बिचारा काझुया हे गुपित प्राणपणाने जपू पाहतो. शुन मुलगाच आहे हे त्याच्याखेरीज सर्वांना ठाऊक असते.

या प्रसंगाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. वहिनीच्या विचाराने कुढत आलेल्या मुलाला सांत्वनाचा एकही शब्द कोणी बोलत नाही. त्याऐवजी त्याला एवढ्या गोंधळात टाकले जाते की कुढायला सवडच उरत नाही. फसवणूक उघड झाल्यावर तो संतापतो, ओरडतो, आणि त्याच क्षणी तो पाहुणा राहत नाही. ज्याच्यावर सगळे मिळून हसू शकतात, तो त्यांच्यातला झालेला असतो. शुन त्याला 'सुका-चान' म्हणतो. हे आडनावाचे लाडिक रूप आहे, पण जपानीत 'सुका' म्हणजे सोडतीतील रिकामी चिठ्ठी. टोपणनावातच दुर्दैव आणि जिव्हाळा एकत्र नांदतात.

छळ आणि थट्टा यांतील सीमा येथे काळजीपूर्वक राखलेली आहे. खोडी काढणारे नंतर निघून जात नाहीत. ते भिंतीपलीकडेच राहतात, आणि संकटात प्रथम तेच धावून येतात. ही अट मोडली असती, तर विनोदाचे रूपांतर रॅगिंगमध्ये झाले असते.

दुसरा संकेत : जोडीची जुगलबंदी

जपानच्या 'मान्झाई' या रंगमंचीय विनोदप्रकारात दोन भूमिका ठरलेल्या असतात. 'बोके' हा वेड्यासारखे बोलणारा, तर 'त्सुक्कोमी' हा ते वेडेपण तत्काळ दाखवून देणारा. तमाशातील बतावणीचे स्मरण असलेल्या वाचकास या जोडीची कल्पना सहज यावी. मांगाने ही विभागणी आत्मसात केली आहे.

'ग्रीनवूड'चे वैशिष्ट्य असे की तेथे वेडेपणा करणारे अनेक आहेत आणि तो दाखवून देणारा बहुधा एकटा काझुया. सारे जग विपरीत आणि आपण तेवढे शहाणे, अशी त्याची समजूत. वाचकाला मात्र दिसत राहते की वहिनीचा नुसता उल्लेख झाला तरी पाघळणारा हा मुलगाच सर्वांत अविवेकी आहे. भूमिका अशा आलटून पालटून फिरत असल्याने कोणीही कायमचा हास्यास्पद ठरत नाही.

मित्सुरू आणि शिनोबू यांची जोडी वेगळ्या धाटणीची आहे. पहिला मोकळा, दिलदार आणि भडक. दुसरा सौम्य हसणारा, पण सर्वांत धोकादायक. शिनोबू क्वचितच आवाज चढवतो. त्याच्या बाबतीत विनोद घडतो तो इतरांच्या भेदरलेल्या चेहऱ्यांतून.

तिसरा संकेत : संतापातही आदरार्थी क्रियापद

जपानी शाळांत थोरल्यांना 'सेनपाई' म्हणतात आणि त्यांच्याशी आदरार्थी भाषेत बोलणे अपेक्षित असते. त्यामुळे काझुया कितीही भडकला, तरी थोरल्यांशी बोलताना त्याची वाक्यरचना बहुधा सभ्यच राहते. मनातील शिव्या आणि ओठांवरचे व्याकरण यांतील ही ओढाताण हा मोठा विनोदस्रोत आहे.

इंग्रजी अनुवादात ही गंमत बरीचशी विरते, कारण तेथे 'यू' हे एकच सर्वनाम उपलब्ध असते. मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत. "आपण अत्यंत नीच आहात" या वाक्यात जी मौज आहे, ती मराठी वाचकाला स्पष्टीकरणाशिवाय कळते. या मालिकेचा मराठी अनुवाद कधी झालाच, तर इंग्रजीऐवजी थेट जपानीतून करण्यास हे एक सबळ कारण ठरावे.

चौथा संकेत : चेहऱ्याची मोडतोड

मुलींच्या मांगातील पात्रे रेखीव असतात: लांबट बांधा, मोठे डोळे, उडणारे केस. विनोदाच्या क्षणी हेच पात्र अचानक बुटके, गोलमटोल आणि दोनचार रेषांचे होते. याच्या जोडीला 'मानपू' नावाची चिन्हव्यवस्था असते. गालावर घामाचा मोठा थेंब म्हणजे अवघडलेपण, कपाळावर फुगलेल्या शिरेचे फुलीसारखे चिन्ह म्हणजे राग, चेहऱ्यावर उभ्या रेषा म्हणजे खचलेपण. शांततेलाही अक्षरे मिळतात. 'शीऽऽन' असे लिहिले की कोणी काहीच बोलत नाही असे समजायचे.

या मोडतोडीचा खरा उपयोग परतीच्या वाटेवर दिसतो. बुटके झालेले पात्र पुढच्याच चौकटीत पुन्हा रेखीव होते, आणि त्या क्षणी त्याच्या डोळ्यांतील दुखावलेपण अधिक जाणवते. हसण्यासाठी सैल सोडलेले मन बेसावध असते. गंभीर चौकट तेथे थेट पोहोचते.

पाचवा संकेत : पान उलटण्याची वेळ

जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचले जाते. डाव्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यातील चौकट ही पान उलटण्यापूर्वीची शेवटची चौकट. प्रश्न, दार उघडण्याचा आवाज किंवा अर्धवट वाक्य तेथे ठेवायचे आणि फजिती पान उलटल्यावर दाखवायची, हा विनोदाच्या वेळेचा मूलभूत नियम. आरंभ, विस्तार, कलाटणी आणि समारोप अशी 'की-शो-तेन-केत्सु' ही चार टप्प्यांची पारंपरिक रचनाही येथे कामी येते. तिसऱ्या टप्प्यातील कलाटणी संघर्षातूनच यावी असे नाही. ती अगदी अनपेक्षित दिशेने येऊ शकते. म्हणूनच वसतिगृहाच्या दैनंदिनीत मध्येच भूत अवतरते किंवा अद्भुतकथेचे विडंबन सुरू होते, तरी नियमित वाचकाला ते खटकत नाही.

हाकुसेन्शाच्या संकलित खंडांत आणखी एक लकब आढळते. नियतकालिकात जाहिरातीसाठी राखलेली पानाची एक चतुर्थांश जागा पुस्तकात रिकामी राहते, आणि तेथे लेखिका वाचकांशी हस्ताक्षरात गप्पा मारते. कथेच्या कडेला बसून केलेली ही बडबड वाचकालाही वसतिगृहाचा रहिवासी करून घेते.

कालबाह्य आणि टिकाऊ

चार दशकांपूर्वीच्या या मालिकेतील सर्वच विनोद आज त्याच सहजतेने वाचता येत नाहीत. मुलीसारखा दिसणारा मुलगा हाच विनोदाचा विषय मानण्याची पद्धत आता अनेकांना खटकेल. तरीही एक बाब नोंदवली पाहिजे. शुनला स्वतःच्या रूपाची लाज वाटत नाही. गोंधळ होतो तो पाहणाऱ्याचा, आणि हसे होते तेही त्याचेच. हिसाया नाकाजो यांची 'हानाझाकारी नो किमिताची ए' ही मालिका १९९६पासून याच नियतकालिकात आली. तिच्यात एक मुलगी मुलाच्या वेशात मुलांच्या वसतिगृहात राहते. काझुयाला सांगितलेली थाप जणू तेथे खरी होऊन कथेचा पाया बनते.

वसतिगृहाच्या कथेला आणखी एक अंगभूत मर्यादा असते, आणि तीच तिचे बळ ठरते. जपानमधील उच्च माध्यमिक शिक्षण तीन वर्षांचे. एप्रिलमध्ये नवे विद्यार्थी येतात, मार्चमध्ये थोरले बाहेर पडतात. जी माणसे एकमेकांना कायमची मिळालेली नाहीत, त्यांची ही थट्टामस्करी असते. कुटुंबात जन्माने जागा मिळते. येथे ती एका खोडीने मिळते, आणि मुदत संपल्यावर खोली पुढच्याला द्यावी लागते. काझुयाचे पहिले प्रेम कोणत्याही विनोदाने सफल होत नाही, तसे आश्वासनही मालिका देत नाही. ती फक्त एवढेच दाखवते की त्या दुःखासह दार उघडणाऱ्याला आत कोणीतरी भेटते, आणि त्याने काढलेली पहिली खोडी हेच त्याचे स्वागत असते.