खंजिरी आणि तिची आयरिश मावसबहीण

मागच्या शनिवारी सर्व्हर अपग्रेडचं काम रात्री दोनपर्यंत लांबलं. डब्लिनच्या टीमबरोबर कॉल चालू होता. स्क्रिप्ट संपायची वाट बघत सगळेच बसलो होतो, आणि पलीकडच्या एकानं मागे हळू आवाजात गाणं लावलेलं. फिडल, बासरी आणि खाली चामड्याचा एक ठेका. विचारलं, हे कुठलं वाद्य? तर म्हणे बाउरान. (स्पेलिंगमधे मधेच डी-एच येतात, ते गिळून टाकायचे.) त्यानं फोटो पाठवला. लाकडाचं कडं, एका बाजूला बकरीचं चामडं. म्हटलं अरे, ही तर आमच्या मामाची खंजिरी! फक्त झांजा काढून मोठी केलेली, आणि हाताऐवजी बोटभर काठीनं वाजवायची.

मामाचं गाव आंजी. सरकारी कागदावर 'आंजी (मोठी)', वर्ध्याहून आर्वीकडे जाताना लागतं. सुट्टीत गेलो की संध्याकाळी मामा भजनाला निघायचा. आधी शेकोटीपाशी बसून खंजिरी तापवायची, टिचकी मारून कान लावायचा, परत तापवायची. मग मला हाक. "काहून रे बाबू, येतं का भजनाले?" मी वॉकमन कानाला लावून झोपेचं सोंग घ्यायचो. खंजिरी म्हणजे गावंढळ, असं माझं तेव्हाचं ठाम मत. पुढे माझ्या पदवीच्या कागदावर 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ' असं छापून आलं (२००५ साली नाव बदललं), तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

आता गंमत बघा. बाउरान आज आयर्लंडचं 'प्राचीन राष्ट्रीय वाद्य' म्हणून पर्यटकांना विकतात. पण १९६० पर्यंत ते मुख्यतः खेड्यातच होतं. २६ डिसेंबरला सोंगं घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांच्या हातातलं. शॉन ओ रियाडा नावाच्या संगीतकारानं ते आपल्या वाद्यवृंदात बसवलं आणि मैफलीत आणलं. म्हणजे वाद्य जुनं, पण त्याची इभ्रत जेमतेम साठ-पासष्ट वर्षांची!

आपल्याकडे हे काम तीसेक वर्षं आधी झालं. माणूस एकच, माणिक बंडोजी इंगळे ऊर्फ तुकडोजी महाराज. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्म, १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम. १९३६ साली गांधीजींनी बोलावलं म्हणून ते सेवाग्रामला महिनाभर राहिले. तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम १९४० साली झालं. आंजीहून म्हणाल तर वर्धा ओलांडलं की आलंच.

खंजिरीच का, हा प्रश्न माझ्यातल्या इंजिनियरला पडलाच. उत्तर सोपं आहे. एका हातात मावते, उभ्यानं वाजते, आवाज टोकदार असल्यानं गर्दीत लांबवर पोचतो, आणि गाणारा स्वतःच ठेका धरू शकतो. तबलजी नको, पेटीवाला नको. पायी फिरणाऱ्या माणसाला याहून चांगलं हार्डवेअर कुठलं मिळणार? देवाच्या भजनात देशाचं भजन मिसळलं, ते हिच्याच ठेक्यावर. ऑगस्ट १९४२ मधे चिमूर आणि आमच्याच जिल्ह्यातलं आष्टी पेटलं, आणि त्याच महिन्यात इंग्रजांनी महाराजांना उचललं. नागपूर, रायपूरचा तुरुंग झाला. १९५५ साली ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले.

दक्षिणेत हिच्या बहिणीचं, कंजिऱ्याचं, वेगळंच झालं. मानपुंडिया पिळ्ळै यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिला कर्नाटक संगीताच्या मैफलीत नेलं. आमची खंजिरी मैफलीत फारशी गेली नाही. आधी मला याचं वाईट वाटलं. नंतर वाटलं, ती जिथे गेली तिथे मैफल पोचतच नाही. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या मांडून दारू, हुंडा यावर गावच्या गावं बसवून ठेवतात. सभागृहात हे जमलं असतं का?

आणि 'शुद्ध परंपरा' वगैरे सोडून द्या. खंजिरीशेजारी भजनात बसणारी पेटी मूळची युरोपची. आकाशवाणीनं तिला १९४० ते १९७१ दारात उभं केलं नव्हतं. आयरिश मंडळी ज्या बुझुकीवर जीव टाकतात ती ग्रीक, १९६० च्या दशकात आलेली. असो.

रविवारी मामाला फोन लावला. आता सत्तरी ओलांडलीय. म्हटलं, मामा, या शनिवारी येतो, खंजिरी शिकव. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "आता नको येऊ बाबू. पावसात चामडं सैल पडते, नुसती ढपढप वाजते थे. दिवाळी झाली का ये."