टोमॅटोवरील कीड-सर्वेक्षण : वेळापत्रकाकडून मोजणीकडे

पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म शोधला आणि महायुद्ध संपताच हे रसायन शेतात पोहोचले. पुढील काळात कीड पाहून नव्हे, तर दिवस मोजून फवारणी करण्याची पद्धत रूढ झाली. टोमॅटोसारख्या नाशवंत नगदी पिकात ती अधिक घट्ट रुजली, यात नवल नाही. पोखरलेल्या फळाला बाजारात किंमत नसते. शिवाय हेलिकोव्हर्पाची अळी एकदा फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अंडी उबणे आणि अळी आत शिरणे यांमधील थोडेच दिवस उपायाचे असतात. ते ओळखण्याचे साधन वेळापत्रकात नव्हते.

या दृष्टीने १९५९ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञांनी त्या वर्षी एकात्मिक नियंत्रणाची संकल्पना मांडली. लसूणघासावरील ठिपकेदार माव्याचा अनुभव तिच्यामागे होता : फवारणीने मित्रकीटक मरत, मावा मात्र औषधाला दाद देईनासा झाला होता. किडीची संख्या किती झाली असता उपाय योजावा, म्हणजे ती आर्थिक नुकसानीच्या पातळीपर्यंत जाणार नाही, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न साधा आहे. परंतु मोजणीशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही, आणि मोजणी म्हणजे मजुरी. त्याच वर्षी जर्मनीत बुटेनांट यांनी सुमारे ५ लाख रेशीम पतंगांपासून मादीचे गंधद्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. कामगंध सापळ्यांच्या शास्त्राचा हा आरंभ होय. दोन्ही संशोधनांचा परस्परांशी संबंध नव्हता; तो पुढे शेतात जुळला.

टोमॅटोच्या बाबतीत त्याची कसोटी टुटा ॲब्सोल्युटा या नागअळीने पाहिली. मेरिक यांनी १९१७ मध्ये पेरूतील नमुन्यांवरून वर्णिलेली ही कीड पुढे दक्षिण अमेरिकेत पसरली. तेथे वारंवार फवारणी झाल्याने तिच्यात अनेक कीटकनाशकांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रासह भारतात आढळली. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून हरितद्रव्य खाते, त्यामुळे आरंभी नुकसान सहज दिसत नाही. अशा वेळी सापळ्यात सापडलेला पतंग हीच पहिली वार्ता असते.

तथापि सापळ्यातील आकड्याला फवारणीचा आदेश मानणे चुकीचे होय. सापळ्यात केवळ नर येतात. किती पाने पोखरली गेली, हे त्यावरून कळत नाही. प्रयोगशाळेतील निरीक्षणांत तर या किडीच्या काही माद्यांनी नराशिवायही प्रजोत्पादन केल्याचे आढळले आहे. म्हणून सापळा लावल्यानंतरही झाडाझाडाची पाने उलटून अंडी आणि ताज्या नागमोडी रेषा मोजण्याचे जुने, कंटाळवाणे काम सुटलेले नाही.